रेंजमंत्री

आमच्या गावात मोबाईलची पूर्ण रेंज एकाच ठिकाणी मिळते. स्मशानात.

समोरच्या डोंगरावरचा टॉवर आणि स्मशानाचा पत्रा यांच्या मध्ये काही आडवं येत नाही, म्हणून तसं होतं, असं एक मत आहे. तिथून वर थेट लाईन आहे, असं दुसरं मत आहे. ते आमच्या पुजाऱ्यांचं. मी या वादात पडत नाही. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक आहे. आज किती पोरं हजर, कितींनी खिचडी खाल्ली, कितींना काय येतं आणि जे येत नाही ते का येत नाही, हे सगळं मला मोबाईलवरून वर कळवायचं असतं. 'वर' म्हणजे तालुक्याला. पण बसायचं स्मशानात असल्यामुळे गावकऱ्यांचा गैरसमज होतो.

संध्याकाळी कट्ट्यावर, मांडीवर हजेरीपट आणि हातात फोन अशा अवस्थेत मला बघून सुरुवातीला लोक थांबायचे. "कोण गेलं?" म्हणून हळू आवाजात विचारायचे. "कुणी नाही, माहिती भरतोय," म्हटलं की "भरा, भरा," म्हणून तितक्याच हळू आवाजात निघून जायचे. एकदा शाळेतल्या ३८ पोरांचे चाचणीचे गुण एकेक करून भरत आणले होते. सदतिसाव्या पोरापाशी पडद्यावर लाल अक्षरं आली. मी ती मोठ्यानं वाचली, "सेशन एक्स्पायर्ड."

मागून सायकलवरून चाललेले तात्या खाली उतरले. "कोण एक्स्पायर झालं, गुर्जी?"

"सेशन."

तात्यांनी क्षणभर विचार केला. "खालच्या आळीतलं का?"

रोज दिवसाढवळ्या स्मशानात जाणं शोभत नाही, म्हणून शाळेच्या आवारात रेंजचा शोध घेतला. कडुलिंबाच्या तिसऱ्या फांदीला वारा पश्चिमेचा असेल तर दोन काड्या मिळतात. त्या फांदीला आम्ही कापडी पिशवी टांगली आहे. माझा फोन शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत त्या पिशवीत राहतो आणि तिथून हॉटस्पॉटची बारीक धार ऑफिसच्या खिडकीतून टॅबपर्यंत येते. पिशवीवर लक्ष ठेवायला माणूस हवा. कावळ्यांना पिशवी आवडते.

शाळेत बाल मंत्रिमंडळ असतंच. आरोग्यमंत्री नखं तपासतो, स्वच्छतामंत्री कागद उचलतो. आमच्या तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गातला सतरा नंबर मात्र कुठल्याच खात्यात टिकत नव्हता. त्याला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही. कुठल्याही मंत्रिमंडळात अस्वस्थ माणसासाठी नवं खातं काढावं लागतं, तसं आम्हीही काढलं. सतरा नंबर रेंजमंत्री झाला. तो दर अर्ध्या तासानं झाडाखाली जाऊन येतो आणि दारातून ओरडतो, "दोन काड्या!" की मी हातातला खडू टाकून टॅबकडं धावतो. पोरं तेवढ्यात एकमेकांना मारून घेतात.

कुणाला वाटेल, या गुरुजींचं तंत्रज्ञानाशी वाकडं आहे. मुळीच नाही. माझ्या ताब्यात एक कपाटभर तंत्रज्ञान आहे.

१९८७ साली देशभर खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य मिळावं असा त्यामागचा चांगला विचार होता. साहित्यात हार्मोनियम होती, ढोलकी होती, पृथ्वीचा गोल, विज्ञानपेटी, बारक्या हत्यारांचा संच आणि चक्क टू-इन-वन होता. मी १९९३ ला रुजू झालो तेव्हा त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी मला हे सगळं कपाटाच्या फटीतून दाखवलं.

"वाजवता कधी?" मी विचारलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो.

"वाजवलं आणि मोडलं म्हणजे?" ते दचकले. "डेडस्टॉकला नोंद आहे. ऑडिटला वस्तू दाखवावी लागते."

डेडस्टॉक रजिस्टरचा हा नियम मी पुढं बत्तीस वर्षं पाळला. वस्तू वापरली तर मोडते, मोडली तर लिहून द्यावं लागतं, आणि लिहून देण्यापेक्षा न शिकवणं सोपं. पृथ्वीचा गोल आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच दाखवायचो. आमच्या शाळेतून गेलेल्या पिढ्यांची समजूत होती की पृथ्वीवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. ते पुढं बरंचसं खरं ठरलं. टू-इन-वनच्या शेजारी यथावकाश संगणक जाऊन बसला, संगणकाच्या शेजारी प्रोजेक्टर. कपाट उघडलं की सगळे क्रमानं उभे असतात, वर्गाच्या ग्रुप फोटोसारखे.

स्मार्ट टीव्ही तेवढा कपाटात मावला नाही. तो लोकसहभागातून आला. गावानं वर्गणी काढली, टीव्हीला हार घातला, नारळ फोडला. नारळाचं पाणी प्लगमध्ये उडालं म्हणून उद्घाटन टीव्ही बंद ठेवूनच झालं. रात्री शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणाले, "गुर्जी, एवढी भारी वस्तू. शाळेच्या दाराला कडी न्हाई धड. आमच्याकडं राहू द्या, सुरक्षित."

तेव्हापासून टीव्ही त्यांच्या सोप्यात सुरक्षित आहे. दर गुरुवारी आमचा वर्ग रांगेनं ई-लर्निंगला त्यांच्या घरी जातो. पेन ड्राइव्ह लावून मी जलचक्र सुरू करतो. पण बरोबर साडेतीनला अध्यक्षांच्या मातोश्रींची मालिका पुन्हा दाखवतात आणि त्या वयाच्या माणसाला नाही म्हणवत नाही. पंधरा मिनिटं मालिका, जाहिरातीत जलचक्र, पुन्हा मालिका, अशी आमची तासिका चालते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "पाऊस कसा पडतो?"

एक मुलगी उठून उभी राहिली. "समुद्राच्या पाण्याची वाफ हुती. वाफंचा ढग हुतो. मग सासू म्हणती, ह्या घरात एक तर मी राहीन न्हाई तर ती."

अर्धे गुण दिले. ढगापर्यंत बरोबर होतं.

आता पासवर्डकडं येतो. शाळेच्या सगळ्या पोर्टलवर शाळेचा म्हणून जो मोबाईल क्रमांक आहे तो माझ्या आधीच्या मोठ्या गुरुजींचा आहे. ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि लेकाकडं पुण्याला गेले. शाळेचा एक खिळा जरी ऑनलाइन हलवायचा तरी ओटीपी पुण्याला जातो. मग मी फोन करतो.

"मोठे गुरुजी, ओटीपी आला असेल बघा."

"अरे, आधी तब्येत विचारशील की नाही?"

"कशी आहे तब्येत?"

"गुडघा धरलाय." गुडघ्याची हकिगत पाच मिनिटं चालते. ओटीपीचं आयुष्य त्याहून कमी असतं. "हं, सांगतो. चार... आठ... थांब, चष्मा घेतो."

दुसरा ओटीपी मागवावा लागतो. तोपर्यंत नातवाच्या इंग्रजी शाळेची फी सांगून होते. एकदा मी धीर करून म्हटलं, "मोठे गुरुजी, पोर्टलवरचा नंबरच बदलून घेतो. तुम्हाला उगाच त्रास."

पलीकडं शांतता झाली. नंबर बदलायचा तरी त्याचा ओटीपी त्यांनाच जाणार होता. तो काही मला मिळाला नाही. त्या दिवशी चष्मा सापडला नाही, दुसऱ्या दिवशी चार्जर सापडला नाही, तिसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी फोन उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, राहू द्या ना तो नंबर. दिवसभरात तेवढाच फोन येतो त्यांना. आल्यावर सगळ्यांना सांगतात, शाळा अजून माझ्याशिवाय उघडत नाही." मी तो विषय सोडला. आता मी आधी गुडघ्याचं विचारतो आणि ओटीपी नंतर मागवतो. सगळं वेळेत बसतं.

रेंजमंत्र्यांचं प्रकरण याहून अवघड आहे. पोर्टलच्या मते ते अस्तित्वातच नाहीत. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव एक, आधारवर स्पेलिंग दुसरं आणि लिंग तिसरंच. आधारवर आमचा सतरा नंबर मुलगी आहे. माहिती जुळली नाही की पोरगं पोर्टलवर लाल होतं आणि लाल पोरगं संचमान्यतेला, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, धरायला अडचण येते. त्याला घेऊन मी तालुक्याला दोनदा जाऊन आलो. आधारला पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायचे असतात. याचे पाचव्या वर्षीचे राहिले होते. खिडकीतल्या मुलानं याच्या बोटांकडं पाहिलं. त्यांवर चिंच, माती, गोंद आणि बहुधा कावळ्याचंही काही होतं. "आधी हात धुऊन आणा," तो म्हणाला. नळाला पाणी नव्हतं.

मला माझ्या गुरुजींची आठवण झाली. त्यांना असला त्रास नव्हता. माझी आई मला शाळेत घालायला घेऊन गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "जन्म कधीचा?" आई म्हणाली, "म्हस व्याली त्या साली, श्रावणात." गुरुजींनी दौतीत टाक बुडवला आणि १ जून लिहिलं. त्या काळात शाळेत आलेली निम्मी पोरं १ जूनलाच जन्मली. शाळा जूनमध्ये उघडायची, हिशेबाला बरं पडायचं. त्या एका फटकाऱ्यानं मी २०२९ च्या ३१ मेला निवृत्त होणार आहे आणि सरकारनं त्यावर कधी शंका घेतलेली नाही. म्हशीच्या भरवशावर माझी सगळी नोकरी झाली. आणि हा पोरगा समोर उभा आहे, खिचडी दोनदा मागून घेतो, तर यंत्र म्हणतं, जुळत नाही.

यंत्रानं मला तरी कुठं ओळखलं? मध्यंतरी आमच्याकडं हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र आलं. खडूनं माझा अंगठा पार गुळगुळीत झाला आहे. मी दाबायचो, यंत्र लाल दिवा लावायचं. पुसून दाबला, फुंकर मारून दाबला, धोतराला... म्हणजे पँटला घासून दाबला. माझी ही कुस्ती सतरा नंबरची आजी दारात उभं राहून बघत होती. नव्वदच्या दशकात साक्षरतेच्या रात्रवर्गात मीच तिला कंदिलाखाली सही करायला शिकवली होती. सहा अक्षरांना चार महिने लागले होते.

"गुर्जी," ती म्हणाली, "अंगठा लावायची लाज वाटाय पायजे, म्हनलावता न्हवं मला?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

तिला माझी दया आली असावी. पदराला हात पुसत पुढं आली. "सरका. मी लावते. माझा सरावाचा हाय."

तसं पाहिलं तर आमचं सगळं खातंच आता अंगठ्यावर चालतं. अडीचशे शिक्षकांचा व्हॉट्सॲप गट आहे. केंद्रप्रमुख साहेबांनी सकाळी "अतितात्काळ" लिहून काही टाकलं की खाली अडीचशे अंगठे उमटतात. त्यात माझाही असतो. काय टाकलंय ते मी अंगठा दिल्यावर वाचतो.

१५ ऑक्टोबरचंच घ्या. डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी आपल्याकडं वाचन प्रेरणा दिन. आणि जागतिक हात धुवा दिनही नेमका त्याच तारखेला. दोन्हींचे फोटो दुपारपर्यंत हवे होते. हात धुतल्याशिवाय पुस्तक धरायचं नाही आणि ओल्या हातानं पुस्तक धरायचं नाही, अशा पेचात आमच्या मॅडमनी तोड काढली, "गुरुजी, निम्मे धुतील, निम्मे वाचतील." वीज नव्हती, म्हणून मोटर नव्हती, म्हणून नळाला पाणी नव्हतं. खिचडीच्या मावशींनी एक तांब्या पाणी दिलं. ते सांडायचं नाही अशा बेतानं अकरा जणांनी हात धुतल्याचा आव आणला. साबण कोरडा ठेवला, पुढच्या वर्षी लागतो. तोही मी डेडस्टॉकला घेणार होतो, मॅडमनी हात धरला.

फोटो पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं: जिओ टॅग नाही, पुन्हा काढा. पुन्हा तांब्या मागवला. या वेळी फोटोवर ठिकाण आलं, वेळ आली आणि कोपऱ्यात माझं बोट आलं. गटावर अंगठ्यांचा पाऊस पडला, दोघांनी फुलंही दिली. संध्याकाळी पिशवीतून फोन काढून देताना सतरा नंबरनं फोटो पाहिला.

"गुर्जी, ह्यो बघा पुस्तक उलटं धरून वाचतोय."

अडीचशे शिक्षकांनी तो फोटो पाहिला होता. मी काढला होता.

फोटोंनी माझ्या वर्गाला एक वळण मात्र लावलं. प्रत्येक उपक्रमाचा पुरावा हवा, आणि पुराव्यात पोरं उत्साही दिसायला हवीत. सुरुवातीला मी फोटो काढायला वळलो की पोरं भिंतीवरची पाल बघत असायची. म्हणून मी एक शिस्त घालून दिली. मी मोठ्यानं "हं!" म्हटलं की सगळ्यांनी उजवा हात वर करायचा आणि हसायचं. प्रश्न नंतर बघू. आठवडाभरात बावीसच्या बावीस पोरं तयार झाली. एखादी गोष्ट मी इतक्या कमी वेळात पूर्वी कधी शिकवली नव्हती. ते फोटो बघून एकदा सभेत आमच्या शाळेचा "कृतियुक्त अध्यापन" म्हणून उल्लेख झाला.

घरी हे सांगितलं तर आमच्या हिनं वर्तमानपत्रातलं जुनं कात्रण पुढं केलं. तिनं ते २०२० पासून जपून ठेवलंय. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणून जगात पहिले आले, दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकलं.

"तेही जिल्हा परिषदेचेच," ती म्हणाली.

"हो, पण त्यांच्याकडं रेंज..."

"रेंज माणसात असावी लागते." तिनं कात्रण घडी घालून ठेवलं. क्यूआर कोडचं म्हणाल तर आमच्या पुस्तकांतही ते आहेत. पोरांनी त्यांतले बरेचसे स्केचपेननं रंगवून पूर्ण केलेत.

आणि मग गेल्या महिन्यात तो मंगळवार उजाडला.

रस्ता रुंद करताना जेसीबीनं घाटात कुठली तरी वायर तोडली. टॉवर गप्प झाला. फांदीवर काडी नाही, टाकीवर काडी नाही. स्मशानातसुद्धा शुकशुकाट. साडेदहाला मी तीनदा खिसा चाचपला, अकराला ऑफिसच्या खिडकीत जाऊन उगाच उभा राहिलो, सव्वाअकराला माझ्या लक्षात आलं की आता शिकवण्यावाचून दुसरा इलाज नाही.

मी फळा पुसला. नीट, वरपासून खालपर्यंत. भागाकार घेतला. "हं!" म्हणालो, "९६ लिंबं आहेत आणि ८ घरं आहेत. सगळ्यांना सारखी वाटायची. प्रत्येक घराला किती?"

बावीस हात वर गेले.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मला भरून आलं. मागच्या रांगेतल्या, कधीच न बोलणाऱ्या पोराला म्हटलं, "सांग बाळा." तो हसत राहिला. शेजारच्याला विचारलं. तोही हसला. तिसरीतल्या जलचक्रवाल्या मुलीला विचारलं तेव्हा ती हात तसाच वर ठेवून म्हणाली, "गुर्जी, उत्तर न्हाई येत. फोटू हाय न्हवं?"

"आज फोटो नाही."

"मग खाली करू?"

एकवीस हात खाली आले. बाविसावा सतरा नंबरचा होता, तो बाहेर कावळा बघत होता.

मी कपाट उघडलं, डेडस्टॉकच्या मागं हात घातला आणि चिंचोक्यांचा डबा काढला. त्याची कुठं नोंद नाही, म्हणून तो वापरता येतो. ९६ चिंचोके मोजले, जमिनीवर खडूनं आठ घरं आखली आणि पोरांना म्हटलं, बसा भोवती. कुणी एकेक टाकलं, कुणी मूठभर टाकून मग भांडलं, एकानं दोन चिंचोके गिळले म्हणून सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. तासभर गलका चालला होता. पश्चिमेचा वारा सुटला तेही मला कळलं नाही. मग मी पुन्हा विचारलं, कुणाला जमलं? सात-आठ हात वर आले. वाकडेतिकडे, भीतभीत, एकही फोटोत शोभण्यासारखा नाही. त्यात सतरा नंबरचाही होता.

"बोला मंत्री!"

तेव्हा दिसलं, त्यानं फक्त करंगळी वर केली होती. "एकीला जाऊ?"

तो गेला. दोन-तीन मिनिटांनी धावत आला आणि दारातूनच ओरडला, "गुर्जी, बारा!"

मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ज्याला यंत्र ओळखत नाही, जो पाच मिनिटं बसत नाही, त्यानं मुतायला जाता जाता तोंडी भागाकार केला होता. "शाब्बास रे! कसा काढलास?"

"काढला न्हाई, पिशवीतच हाय." तो धापा टाकत म्हणाला. "बारा मेसेज आल्यात. समदं सायबांचं. दोन काड्या!"

मी फोन आणला. बाराव्या मेसेजात विचारलं होतं की आजच्या कृतियुक्त अध्यापनाचा फोटो अद्याप का अप्राप्त आहे. जमिनीवर आठ घरांत चिंचोके विस्कटले होते, पोरांचे हात खडूनं पांढरे झाले होते, फळ्यावर ९६ भागिले ८ अर्धवट होतं. फोटोत तो सगळा पसारा दिसला असता. मी चिंचोके डब्यात भरले, फळा पुसला, पोरांना रांगेत बसवलं आणि फोन समोर धरला.

"हं!"

बावीस हात वर गेले.